उन्हात थंडी वाजली तर

रामटेके मॅडमच्या वर्गात रुमाल चालत नसे. कोणी ओढणीच्या टोकानं नुसतं कपाळ टिपलं, तरी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मॅडमना ते कसं कोण जाणे कळायचं.

"पुसू नको व," त्या म्हणायच्या. "आंगानं मेहनत करून पानी बाहेर काढलं, आन तू ते पुसून टाकते. सुकू दे त्याले. सुकता सुकता ते आंगाले थंड करते. त्याचं काम त्याले करू दे."

मग आम्ही साऱ्याजणी डोळ्यांत घाम उतरत असताना तशाच उभ्या राहायचो.

वर्ग भरायचा आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि वर टिनाचं छप्पर. बारसं, साक्षगंध किंवा बैठक असली की त्या दिवशी वर्गाला सुट्टी. वर्षभर योगासनं सकाळी सहाला असायची. उन्हाळा लागला की मात्र सगळं गाव आपापली कामं आणखी पहाटे ढकलायचं आणि मॅडम वर्ग पुढे न्यायच्या, नऊ वाजता. तोवर टिन तापून ताडताड वाजायला लागलेलं असायचं. रस्त्यानं जाणारा एखादा खिडकीतून डोकावून विचारायचा, "काय मॅडम, पोरींचा उसना तांदूळ करून राहिल्या का?" आमच्याकडे गिरण्यांमध्ये धान वाफवून, वाळवून मग भरडतात. त्यालाच उसना तांदूळ म्हणतात. मॅडम आतूनच उत्तर द्यायच्या, "हो ना गा. उसना तांदूळ भरडताना तुटत नाही."

विचारणारा हसत निघून जायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांना ते खरंच तसं वाटत असे.

मॅडम ठेंगण्या होत्या. अंगावर कायम फिकट रंगाचा सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. त्यांनी चिचगडकडच्या एका आश्रमशाळेत बरीच वर्षं पी.टी. शिकवली आणि शेवटची काही वर्षं आमच्या गोरेगावच्या शाळेत. मी त्यांना तिथे पाहिलं. माझे वडील भातगिरणीत पोती वाहायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीच्या वर्षी घरात अभ्यासाला जागा नाही हे मॅडमना कुठून तरी कळलं. एक दिवस शाळेच्या फाटकात त्यांनी मला थांबवून सांगितलं, "आमच्या वऱ्हांड्यात पंखा हाये. संध्याकाळी कोनी बसत नाही तिथं." एवढंच. वर्षभर मी तिथे बसले. त्या दारातून आत-बाहेर करायच्या, पण "किती झालं?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पुढे मी पदवीधर झाले, तहसीलमध्ये नोकरीला लागले. पेढे घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बसून बसून पाठ वाकली तुयी. उद्यापासून समाजमंदिरात ये."

अशी मी त्या वर्गात शिरले.

वर्गात बहुतेक बाया शेतावर जाणाऱ्या होत्या. आमच्याकडे रोवणा आला की बाया दिवसभर चिखलात कमरेतून वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावतात. पाठीवर ऊन, पायाखाली पाणी. मॅडम त्यांना पुढे वाकण्याचं एकही आसन करू द्यायच्या नाहीत. पुस्तकात लिहिलं असो की टीव्हीवर दाखवलेलं असो.

"पुढं कायले वाकते? चार महिने वाकूनच तं राहते. आता मागं वाक."

म्हणून त्यांच्या वर्गात सगळं मागे वाकायचं असे. भुजंगासन, उष्ट्रासन, भिंतीला हात टेकून छाती उघडणं. आसनांची नावं त्या क्वचित घ्यायच्या. आकडेही मोजायच्या नाहीत. "अजून... अजून... आता सैल सोड," एवढ्यावर तासभर वर्ग चालायचा. आमच्याकडे बघतानाही त्यांची नजर हातापायांवर नसायची, मानेवर आणि ओठांवर असायची. मान आखडली, ओठ पांढरे पडले, की त्या येऊन खांद्यावर हात ठेवायच्या. त्याचा अर्थ, आता खाली बस.

टिनाखालच्या वर्गाची कल्पना त्यांनी हैदराबादहून आणली होती. त्यांची मुलगी तिथे नोकरीला आहे. एका सुट्टीत ती आईला आपल्या योगाच्या क्लासला घेऊन गेली. ती गोष्ट मॅडम फार रंगवून सांगायच्या. खोलीत हिटर लावलेले, चारी भिंतींना आरसे, आणि घामाचा वास येऊ नये म्हणून कोपऱ्यात सुगंधी वाफ.

"लोक आपापला घाम आरशात पाहून राहिले होते," त्या म्हणायच्या. "मी पोरीले म्हटलं, बाई, हे तं आमच्या टिनाखाली फुकटात भेटते. वरून आरसे पन नाहीत, मंजे लाजाचंही काम नाही."

पण त्या उष्णतेत अंग कसं सैल झालं, दुखरा गुडघा कसा वाकला, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. गोरेगावला परतल्यावर मे महिन्यातल्या एका दुपारी त्या समाजमंदिराची किल्ली घेऊन एकट्याच आत गेल्या. हैदराबादची खोली बंद होती म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तिथे दमट होतं म्हणून फरशीवर बादलीभर पाणी शिंपडलं. आणि बाहेर ऊन कडक असताना, टिनाखाली, आसनं सुरू केली.

पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगितलं पाहिजे. वर्गात कोणी नवी बाई आली की त्या हे सांगायच्याच.

"पयले घाम आला. मंग डोकं हलकं झालं. मंग पाठीवरून गार वारं गेल्यावानी वाटलं, आन साऱ्या आंगावर काटा आला. इतल्या उन्हात थंडी. मले वाटलं, रामटेकेबाई, आता तुले साधना लागली. मी डोळे मिटून अजून खोल श्वास घेतला."

इथे त्या थांबायच्या.

"डोळे उघडले तं मी पटले बाईच्या मांडीवर."

पटले काकू म्हणजे चौकातल्या किराणा दुकानवाल्या. नातवाच्या बारशासाठी समाजमंदिराची मोठी गंजं, स्वयंपाकाची पातेली, मागायला त्या आल्या आणि दार ढकलून बघतात तो मॅडम ओल्या फरशीवर पडलेल्या. दवाखान्यात सलाईन लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, की ती साधना नव्हती. उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं म्हणजे शरीराचं आता निभत नाही. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, आणि मॅडमनी तीच धरून ठेवली. रोज थोडी उष्णता दिली तर शरीर शिकतं. काही दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, छाती कमी धडधडते. एकदम दिली तर मात्र ते शिकत नाही, पडतं.

दुसरी कोणी असती तर तिने समाजमंदिराची किल्ली परत केली असती. मॅडमनी पुढच्या उन्हाळ्यात वर्ग सुरू केला. फक्त आता खिडक्या सताड उघड्या, फरशी कोरडी, आणि वेळ नऊची. शेजारी मीठ घातलेल्या भाताच्या पेजेचं भांडं. "उन्हात थंडी वाजली तं बसून जा," हे वाक्य त्या रोज सुरुवातीला म्हणायच्या, शाळेत प्रार्थना म्हणतात तसं. "मंग समोर कोनी का असंना. मी असली तरी."

त्यांची दुसरी रीत म्हणजे आसनात असताना प्रश्न विचारणं. सगळ्या मागे वाकलेल्या, श्वास वर लागलेला, आणि मॅडम एकेकीजवळ जाऊन विचारायच्या, "काय जेवली?"

"भात. आन कालचं वरन."

"तू व?"

"चहा-टोस."

पटले काकूही वर्गाला यायच्या. मॅडमचा जीव आपण वाचवला, तेव्हा आता यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे, असं त्या उघड म्हणायच्या. त्यांना विचारलं की त्या सांगत सुटायच्या. "सकाळी दोन पोळ्या, आंब्याचं लोनचं, मंग सुनेनं पोहे केले, मी नाही म्हटलं, पन ती आयकते थोडीच, पोहे पन कसे, तेल सुटलेले..."

"इतलं बोलून राहिली मंजे तब्येत ठीक हाये," मॅडम म्हणायच्या. "अजून थांबा तुमी."

आम्हाला सुरुवातीला वाटे, ही मॅडमची चेष्टा आहे. हळूहळू कळलं, की त्यांना आम्ही काय जेवलो याच्याशी देणंघेणं नव्हतं. उत्तर पटकन येतं का, एवढंच त्या बघत. उष्णता डोक्यात चढायला लागली की साध्या प्रश्नालाही माणूस अडखळतो.

गीता उईके एकदा अशीच अडखळली.

गीता चिचगडकडची. आश्रमशाळेत ती मॅडमची विद्यार्थिनी होती. वडील तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे बांधायचे, बाकी वर्षभर थोडी शेती. गीताला वनरक्षक व्हायचं होतं. खाकी कपड्यातली एक वनरक्षक बाई तिनं लहानपणी आपल्या गावच्या जंगलात मोटारसायकलवर पाहिली होती, तेव्हापासून. दोन भरत्या हुकल्या होत्या. एकीत लेखी पार झाली नाही, दुसरीत धावण्यात राहिली. आता समोर होती ती शेवटची. त्यानंतर तिचं वय बसत नव्हतं. त्या एका भरतीसाठी ती गाव सोडून गोरेगावला मावशीकडे येऊन राहिली, पहाटे धावायला आणि नऊला टिनाखाली. लेखी आणि धावणं झालं की शेवटी चालण्याची चाचणी असते. ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळात, डांबरी रस्त्यानं. ती उन्हाळ्यात येणार हे दिसतच होतं.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काय जेवली?" गीता गप्प. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "भात," पण फार उशिरा, आणि भलतीकडे बघत.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेर सावलीत बस."

"मी ठीक हाये मॅडम."

"मले ठाऊक हाये. बाहेर बस."

गीता बाहेर गेली. वर्ग सुटल्यावर ती पायरीवरच होती, रागानं लाल. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वजन कमी असलं की चालणं सोपं जातं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"मले बाहेर काऊन काढलं?" ती म्हणाली. "भरतीत कोनी इचारते का, काय जेवली म्हणून?"

"नाही इचारत."

"मंग?"

"म्हणून तुलेच इचारा लागन," मॅडम म्हणाल्या, आणि पेजेचा पेला तिच्या हातात दिला. "तिथं मी नसन. स्वतःले इचारशील आन खरं सांगशील, तं ते भरतीपेक्षा मोठं काम हाये."

गीतानं पेज प्यायली, पण तिचा चेहरा काही बदलला नाही. तिला भरतीपेक्षा मोठं काम नको होतं. भरतीच हवी होती.

त्यानंतर तिनं जो दम धरला तो मी जवळून पाहिला. खाऊन यायची. घाम आधी सुटायला लागला, श्वास सावकाश झाला. उष्ट्रासनात ती टाचा धरून अशी स्थिर राहायची की पटले काकू म्हणायच्या, "हिच्या पोटावर ताट ठेवून जेवता येते." लेखीत ती चांगल्या गुणांनी निघाली. धावण्यातही निघाली. उरलं ते चालणं.

चाचणीच्या दिवशी मॅडम गेल्या नाहीत. मुलीच्या समोर उभं राहिलं की ती आपल्यासाठी चालते, स्वतःसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही दिवसभर फोनची वाट पाहिली. संध्याकाळी गीताच्या मावशीचा फोन आला. गीता बरी आहे, पण ती बसली.

झालं असं होतं. तिची तुकडी शेवटची होती. ऊन वर आलं होतं, पण ती छान चालत होती. पाण्याच्या ठिकाणी पाणी घेतलं, घाम पुसला नाही. रस्ता जंगलातून सरळसोट जाणारा. शेवटच्या टप्प्यात समोर पुलियाजवळ, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाजवळ, उभारलेली कापडी कमान दिसायला लागली, आणि नेमका तेव्हाच तिच्या हातांवर काटा उभा राहिला. तिला थंडी वाजली. बरोबरच्या मुली पुढे जात होत्या. ती रस्त्याच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली गेली आणि बसली. मदतीच्या गाडीतल्या लोकांनी तिला ओल्या कापडानं पुसलं, गाडीत घेतलं. ताप फार नव्हता. पाऊण तासात ती उठून बसली. तोवर वेळ संपून गेली होती.

तिच्या तुकडीतल्या आणखी काही मुलींनाही तसंच झालं होतं म्हणे. त्या बसल्या नाहीत. धडपडत कमानीखालून गेल्या, आणि पलीकडे जाऊन पडल्या. त्यांची निवड झाली.

हे शेवटचं वाक्य गीताच्या वडिलांनी मॅडमना ऐकवलं. ते पंधरा दिवसांनी आले, सकाळी, वर्ग सुटायच्या वेळी. मी सतरंज्या गोळा करत होते. उंच, सुकलेला माणूस. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"तुमी पोरीले चालाले शिकवलं नाही मॅडम," ते म्हणाले. "बसाले शिकवलं."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"दुसऱ्या पोरी गेल्या. पडल्या, पन गेल्या. मरून तं नाही गेली कोनी."

"बरोबर हाये तुमचं," मॅडम म्हणाल्या.

"मंग हिले काऊन सांगतलं तसं?"

"सांगतलं, कारन मी पडली होती," मॅडम म्हणाल्या. "पन ती पडली असती का नसती, ते मले सांगता येत नाही दादा. कोनालेच नाही येत."

"तेच तं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोरगी मरून गेली असती तं एकदा रडलो असतो. आता जिती हाये, आन रोज घरात बसून एकच बोलते, कमान दिसून राहिली होती बाबा, दिसून राहिली होती."

ते गेल्यावर पटले काकू तावातावानं म्हणाल्या, की जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का, या माणसाला काही कळतं का. मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. "त्याले सारं कळते," त्या म्हणाल्या. "आपलं पोट भरलं हाये म्हणून आपन असं बोलतो."

दुसऱ्या दिवशी नऊचा वर्ग बंद झाला. मॅडमनी कारण सांगितलं नाही. पावसाळ्यात सहाचा वर्ग पुन्हा सुरू झाला, रोवण्याच्या बायांचा. मागे वाकणं तेच, "अजून, अजून" तेच, पण त्यांचा हात आता खांद्यांवर फार लवकर पडायला लागला. जरा कोणाचा श्वास वाढला की, बस. पटले काकू कुरकुरल्या, "आता तं तुमी आमाले उभंच राहू देत नाही." मॅडमनी त्यांच्याही खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या.

गीता गावीच राहिली. रोपवाटिकेत रोजंदारीवर जायला लागली, असं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती मॅडमच्या घरी आली. मीही तिथेच होते. मॅडम हैदराबादला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या आणि मी सामान बांधायला मदत करत होते. गीतानं पाणी घेतलं, भांडं खाली ठेवलं आणि सरळ म्हणाली, "मॅडम, मले तो रस्ता चालायचा हाये. जिथं बसली तिथून. तुमी येता का?"

"हिवाळ्यात काऊन नाही गेली?"

"हिवाळ्यात चालून काय कळन? तेच ऊन पायजे."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांना आता रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. "जेवून निघू," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघी एसटीनं गेलो. तो रस्ता जिथे सुरू होतो तिथे उतरलो आणि मग एका ओळखीच्या टेम्पोनं झाडापर्यंत. गीतानं ते मोहाचं झाड लांबूनच ओळखलं. मोह झडून गेला होता, नवी पालवी तांबूस होती. ती झाडाखाली उभी राहिली, पण बसली नाही. पुढे रस्ता रेघ मारल्यासारखा सरळ. टोकाला पुलियाचा पांढरा कठडा उन्हात हलत होता.

"ते पाहा," गीता म्हणाली. "कमान तिथं होती."

कठडा खरंच दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ वाटत होता. मॅडमनी एकदा त्या कठड्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. आम्ही चालायला लागलो.

गीता पुढे, मॅडम मध्ये, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. बराच वेळ चाललो. मी मान वर करून पाहिलं तर कठडा तिथेच, तेवढाच. पुन्हा चाललो. डांबराची धग चपलांमधून वर येत होती. मी मागे वळून पाहिलं, मोहाचं झाड खूप मागे राहिलं होतं. समोर पाहिलं. पुलिया तेवढीच लांब.

थोड्या वेळानं मॅडमची चाल मंदावली. त्यांनी आपल्याच मानेवर हात ठेवून पाहिला. मग रस्त्याच्या कडेला एका पळसाच्या सावलीत जाऊन त्या खाली बसल्या, चपला काढल्या.

गीता मागे फिरली. "काय झालं मॅडम? थंडी वाजते का?"

"नाही व. दमली. तू जा."

"तुमाले सोडून?"

"ही हाये ना मायापाशी. तू जा, तुयं राहिलं हाये."

गीता गेली. आम्ही दोघी सावलीत बसलो. मी बाटली पुढे केली, मॅडमनी घोट-घोट पाणी घेतलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डोळे मात्र रस्त्यावरून हलत नव्हते. गीता लहान होत गेली, उन्हात तिचे पाय जमिनीपासून सुटल्यासारखे दिसायला लागले, तरी ती चालतच होती. एवढी लहान झाली की तिच्या ओढणीचा रंगही कळेना, तेव्हा कुठे ती कठड्यापाशी पोचली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मग वळली.

परत आली तेव्हा ती धापा टाकत होती, पण चेहरा मोकळा होता. तीही आमच्याजवळ टेकली. सावकाश पाणी प्यायली.

"लय दूर हाये मॅडम," ती म्हणाली. "मले वर्षभर वाटून राहिलं होतं, दोनच पावलं होती. उठली असती तं पोचली असती. नाही हो. लय दूर हाये ते."

मला वाटलं, मॅडम आता "पाहिलं ना" म्हणतील. त्यांनी गीताचा हात हातात घेतला, तिच्या मनगटावर बोटं ठेवली, जशा वर्गात ठेवायच्या, आणि पुलियाकडे पाहत म्हणाल्या,

"मले पन जवळच वाटे व गीता. तुया बाप आला त्या दिवसापासून."

गीतानं हात सोडवून घेतला नाही.

आठवड्याभरात मॅडम हैदराबादला गेल्या. स्टेशनवर खूप गर्दी होती, गाडीत त्यांना जागा मिळाली की नाही हेही मला नीट दिसलं नाही. म्हणून मॅडमना शेवटचं पाहिलं ते मी त्या पळसाखालीच धरते. पाय लांब केलेले, चपला बाजूला, आणि घाम न पुसता त्या गीताची नाडी शांत होण्याची वाट पाहत बसलेल्या.